गार झाली की सुरू व्हायची

"गाडी एका किल्लीत सुरू झाली," हे वाक्य त्या उन्हाळ्यात बाबांनी किती जणांना ऐकवलं असेल, कोण जाणे. भेटायला येणारी माणसं पुढच्या खोलीत सतरंजीवर बसायची. आई आतून पाण्याचे पेले पाठवायची. मग कोणीतरी हळूच विचारायचं, "नक्की झालं काय?" बाबा चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि वर्गात प्रयोगाची कृती सांगावी तसं सांगायचे. "ट्रकवाला म्हणतो, माणूस अचानक समोर आला. गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी होती. दुसऱ्या दिवशी चौकीत मी स्वतः किल्ली फिरवली. एका किल्लीत सुरू झाली. गाडीत काहीही दोष नव्हता." माणसं मान हलवायची. बाबांना मुलाच्या गाडीचा अभिमान आहे, असं त्यांना वाटत असावं. मलाही तसंच वाटे. हे वाक्य म्हणजे बाबांनी स्वतःलाच विचारलेला प्रश्न होता, हे कळायला मला पाच महिने लागले.

ती गाडी माझ्या मोठ्या भावाची, दादाची. आम्ही कर्वेनगरला एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. बाबा शाळेत शास्त्र शिकवत, आई घर बघे, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि दादा हडपसरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. तिथला एक जपानी इंजिनिअर मायदेशी परतताना आपली जुनी दोन सीटची गाडी त्याला देऊन गेला. बुटकी, लांब नाकाची, विटक्या लाल रंगाची. पुढचे दिवे झाकलेले असत आणि बटण दाबलं की घर्रर्र आवाज करत डोळे उघडल्यासारखे वर येत. सोसायटीतली लहान मुलं संध्याकाळी रांगेत उभी राहून "दादा, डोळा मार" म्हणत आणि दादा एकच दिवा वर करून दाखवी. गाडी आली त्या दिवशी बाबांनी गॅलरीतून खाली बघितलं आणि म्हणाले, "दोन सीट. म्हणजे आम्हा दोघांना कायमचं घरी ठेवायची सोय झाली." आईने मात्र खाली जाऊन गाडीला हळदकुंकू लावलं, आणि पहिल्या फेरीला तीच बसली. परत आली तेव्हा केस पार विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर असं हसू, की मी ते त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी आमच्याकडे थालीपीठ असायचं. तव्यावरचा चुर्र आवाज आणि खाली पार्किंगमध्ये दादाने सुरू केलेल्या इंजिनाचा आवाज, हे माझ्या मनात एकत्रच आहेत. तो इंजिनाला "ऐक ना" म्हणायचा. मला म्हणायचा, "वृंदे, ऐक ना, चारही सिलिंडर कसे एका सुरात आहेत." मला त्यातलं काही कळत नसे, पण त्याने मला शेजारी बसवून गाडी शिकवली, परवाना काढायला लावला. गिअर बदलताना खर्र आवाज झाला की तो छातीवर हात ठेवून कळवळायचा. बाहेरून आला की हात न धुताच स्वयंपाकघरात शिरे आणि आईने झाकून ठेवलेल्या फोडणीच्या पोळीचा घास उचले. आई उलथनं उगारी. त्याच्या हाताला पेट्रोलचा वास असे आणि तो पोळीलाही लागे, अशी तिची तक्रार होती. नंतर कित्येक वर्षं तिने फोडणीची पोळी केली नाही. उरलेल्या पोळ्या ती सरळ गाईला घालून येई.

त्या मे महिन्यातल्या रविवारी थालीपीठ खाताना दादाने सांगितलं की तो नोकरी सोडतोय. लोणी काळभोरला हायवेलगत एक शेड भाड्याने मिळतेय, तिथे जुन्या गाड्या दुरुस्त करायचं वर्कशॉप काढणार. बाबांनी घास खाली ठेवला. त्यांचा आवाज कधी चढत नसे. उलट राग आला की तो खाली उतरे. "छान. म्हणजे पुढेमागे रस्त्यावर उभं राहायचं ठरलंच आहे तुझं. मग एवढी वाट कशाला बघतोस? आत्ताच जाऊन उभा राहा." दादाने ताट उचलून मोरीत ठेवलं, हात धुतले, आणि शेड बघून येतो म्हणून आईला सांगून दुपारी गाडी घेऊन गेला. संध्याकाळी लोणी काळभोरजवळ, शेडपासून थोड्याच अंतरावर, रस्त्यात उभ्या असलेल्या माझ्या भावाला ट्रकने उडवलं.

मी आता बाबांच्या तेव्हाच्या वयाची आहे. मुलांना लागेल असं मीही बोलते आणि बोलून झाल्यावर लगेच विसरते, कारण मुलं संध्याकाळी घरी येतात. बाबांच्या वाक्याचं तसं झालं नाही, एवढाच काय तो फरक.

नंतर घर फार शांत झालं. बाबा आणि आई एकमेकांशी भांडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त आपापल्या वेळी जेवायला लागले. आई माझ्याबरोबर जेवायची. बाबा शाळेतून आले की एकटेच पाटावर बसून गार आमटीभात खायचे, आणि आई गरम करून देते म्हणाली तरी "राहू दे" म्हणायचे. गाडी पार्किंगमध्ये कापडाखाली होती. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी मी खाली जाऊन पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवायची. प्रत्येक वेळी ते एका किल्लीत सुरू व्हायचं. वर गॅलरीत बाबा उभे असायचे. आवाज आला की आत जायचे.

ऑक्टोबरात बाबांनी भंगारवाल्याला बोलावलं. "पुढच्या आठवड्यात घेऊन जाईल," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवून गाडी बाहेर काढली. एकदा चालवायची होती, दुसरं काही मनात नव्हतं. ऊन रणरणत होतं. पर्वतीवरून स्वारगेटकडे आले आणि चौकात एसट्यांच्या मध्ये अडकले. पंधरावीस मिनिटं गाडी जागच्या जागी धडधडत राहिली. सिग्नल सुटला, मी पुढे निघाले, आणि चौकाच्या ऐन मध्यावर इंजिन गेलं. आचका नाही, आवाज नाही, कोणीतरी फुंकर मारून दिवा विझवावा तसं. चाकं अजून फिरत होती, गाडी पुढे सरकत होती, आणि इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा मात्र शून्यावर पडून होता. मी किल्ली फिरवत राहिले. स्टार्टर कुईकुई करत फिरत होता, इंजिन पेटत नव्हतं. मागून हॉर्नचा कल्लोळ. दोन हमाल आणि एक रिक्षावाला धावून आले, त्यांनी गाडी ढकलून डेपोच्या भिंतीकडेला लावली. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, ही बघायची गाडी आहे. फिरायला रिक्षा करत जा."

मी तिथे बसून राहिले. घामाने अंग निथळत होतं. अर्ध्या तासाने उगाचच किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. एका किल्लीत.

मला आठवतं, मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं होतं आणि हॉर्न वाजत होता, तो आपणच वाजवतोय हे मला कळत नव्हतं. चौकीत दुसऱ्या दिवशी सुरू झालेली गाडी. दर रविवारी पाच मिनिटं सुरू राहणारी गाडी. ती गरम झालेली आमच्यापैकी कोणी पाहिलीच नव्हती.

डेपोच्या मागच्या गल्लीत राऊत मिस्त्रींचं गॅरेज होतं. ते मूळचे अकोल्याकडचे, दादाची गाडी त्यांच्याकडेच असायची. मी झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी एकच गोष्ट विचारली. "ताई, गाडी चालती असतानी काटा एकदम झिरोवर आला का?"

"हो. चाकं फिरत होती तरी."

ते टायरच्या चळतीवर बसले. "मंग क्रँक सेन्सर हाये तो." मग त्यांनी मला समजावून सांगितलं. इंजिनाचा मुख्य दांडा कुठवर फिरलाय हे एक अंगठ्याएवढा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. त्याच्या पोटात केसासारख्या तारेचं वेटोळं असतं. ती तार कुठे चिरली असली, तर गरम झाल्यावर फाकते आणि गार झाल्यावर पुन्हा चिकटते. तार फाकली की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन फिरतच नाहीये, आणि तो ठिणगीच बंद करतो.

"तुम्हाला हे दादा असताना का नाही कळलं?" मी विचारलं. आवाज माझ्या मनात होता त्यापेक्षा कडक निघाला.

राऊतांनी हातातला पाना पुसला, पुन्हा पुसला. "दोन डाव आणली होती त्यानं. म्हणे, मधीच बंद पडते. पण इथवर येईस्तोर गार होऊन जाय. मी म्हटलं, साहेब, माह्यासमोर बंदच पडत नाही ते मी दुरुस्त कसं करू? काट्याचं मले तवा सुचलं नाही." मग म्हणाले, "तो गेल्यावर यायचं होतं तुमच्या घरी. येववलं नाही."

त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "गरम असताना दोष आहे आणि गार असताना नाही. सोयीचा दोष आहे." मी चिडून म्हटलं, "बाबा, मी स्वतः बसले होते गाडीत." "मीही बसलो होतो. चौकीत," ते म्हणाले आणि उठून गेले. तेवढ्यात मला त्यांचा चेहरा दिसला. त्यावर राग नव्हता, भीती होती. त्या क्षणी मला उमगलं की पाच महिने हा माणूस काय घेऊन जगत होता. गाडी धड होती, तर दादा तिथे थांबला का? उतरून रस्त्यात का उभा राहिला? सकाळी कोणी सांगितलं होतं त्याला उभं राहायला? भंगारवाल्याचं मात्र पुढच्या आठवड्यात त्यांनी नाव काढलं नाही.

मी ठरवलं, नवा सेन्सर बसवायचा, आणि मग भर उन्हात दिवसभर गाडी चालवून दाखवायची. राऊतांनी जुना काढून माझ्या हातावर ठेवला. काळपट, तेलकट, मागे वायरीचं शेपूट. अंगावर नंबर कोरलेला. तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि नाना पेठेतली दुकानं पालथी घालायला लागले. आता माझा मुलगा फोनवर असा नंबर टाकतो आणि जगाच्या पाठीवरचा माल तीन दिवसांत दाराशी येतो. त्याला हे सांगितलं तर त्याला वाटतं मी ऐतिहासिक काळातलं बोलतेय. पहिल्या दुकानदाराने सेन्सर हातातही घेतला नाही. "मिळणार नाही."

"कुठे मिळेल?"

"जिथे गाडी मिळाली तिथे."

दुसऱ्याने विचारलं, "गाडी कोणाची?" मी म्हटलं, "भावाची." "मग भावाला पाठवा. तुम्हाला नाही समजायचं." मी दुकानाबाहेर येऊन उसाच्या रसाच्या गाड्याशी उभी राहिले आणि रसवाल्याने न मागता पाण्याचा पेला पुढे केला. जुन्या बाजारात राऊत बरोबर आले. पत्र्यांच्या, नळांच्या, तुटक्या पंख्यांच्या ढिगांतून आम्ही दोन रविवार फिरलो. एक सेन्सर हुबेहूब तसाच मिळाला. राऊतांनी मीटर लावून बघितला आणि परत ढिगात टाकला. "हा गारबी मेलेलाच हाये." एक जिवंत निघाला, पण त्याची लांबी बोटभर कमी होती.

शेवटी दादाच्या कारखान्यातल्या मित्राकडून मी त्या जपानी इंजिनिअरचा पत्ता मिळवला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं: गाडीचा नंबर, सेन्सरचा नंबर, आणि दादा गेल्याची बातमी. बातमी शेवटी लिहिली, कारण आधी लिहिली तर तो सेन्सर पाठवणार नाही, अशी काहीतरी वेडी भीती होती. पाच आठवड्यांनी एक छोटं खोकं आलं. आत कापसात ठेवलेला नवा सेन्सर आणि हाताने लिहिलेलं पत्र. सेन्सर चकचकीत होता, मी तो बाजूला ठेवला आणि पत्र वाचलं. त्यांनी लिहिलं होतं की दादाच्या डब्यातली चटणी खाऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि दादा हसायचा. पुढे लिहिलं होतं की दोन उन्हाळ्यांत दोनदा गाडी त्यांच्याही हातून रस्त्यात बंद पडली होती. अर्ध्या तासाने सुरू झाली म्हणून त्यांनी सोडून दिलं, आणि गाडी देताना दादाला सांगायचं राहिलं. ते राहायला नको होतं. मी क्षमा मागतो, पण तुम्ही ती करावी असं मी म्हणू शकत नाही, असा शेवट होता.

नवा सेन्सर बसवायला वीस मिनिटं लागली. राऊत गाडीखाली आडवे झाले, मी टॉर्च धरला. एक बोल्ट, एक जोडणी. ते बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "झालं." एवढंच होतं ते. आम्ही दोघं भर दुपारी कात्रजचा घाट चढून गेलो. वर थांबलो, इंजिन बंद केलं नाही, अर्धा तास तापू दिलं. काटा हलला नाही. उतरताना राऊत म्हणाले, "एकदम क्लास चालली, ताई." मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर, ती बंद पडावी असं मला वाटत होतं. सात महिन्यांत ती पहिल्यांदा ठणठणीत झाली आणि मला दादा पहिल्यांदाच पुरता गेल्यासारखा वाटला.

घरी आल्यावर मी ते पत्र बाबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "जुना सेन्सर फेकलास की आहे?"

दुसऱ्या दिवशी शनिवार, शाळा सकाळची. दुपारी ते प्रयोगशाळेतला काट्याचा मल्टिमीटर पिशवीत घालून घेऊन आले. स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहिले. आई भाकरी थापत होती. ती परात घेऊन बाजूला सरकली. बाबांनी मीटरच्या दोन वायरी सेन्सरच्या वायरींना जोडल्या. काटा झुकला, मध्यावर थांबला. "गार. वहन होतंय," ते स्वतःशीच म्हणाले. सेन्सर त्यांनी दुधाच्या पिशवीत घातला, पिशवीचं तोंड वर धरलं आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडला. आम्ही तिघं त्या काट्याकडे बघत होतो. पाण्याचा खळखळाट, दुसरा आवाज नाही. थोड्या वेळाने काटा थरथरला आणि धपकन डावीकडे पडला. तिथेच राहिला.

बाबांनी सेन्सर बाहेर काढला, माठातल्या पाण्यात धरला. काटा पुन्हा मध्यावर आला. त्यांनी पुन्हा गरम केला. पडला. पुन्हा गार केला. चढला. तिसऱ्यांदा पातेल्यात सोडताना पिशवीचं तोंड पाण्याकडे झुकलं, म्हणून आईने पिठाच्या हातांनी ती वरून धरली. काटा पडला तशी ती म्हणाली, "म्हणजे गाडी बंद पडली होती. तो मुद्दाम नव्हता थांबला."

बाबांनी वळून तिच्याकडे बघितलं. "तुलाही तसंच वाटत होतं?"

"रोज," आई म्हणाली. "तुम्हाला वाटत असेल म्हणून मी बोलले नाही."

बाबा ओट्याशी खालीच बसले, फरशीवर. मीटर मांडीवर तसाच. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. आई त्यांच्याशेजारी बसली आणि पिठाचा हात त्यांच्या पाठीवर ठेवला. पांढऱ्या सदऱ्यावर पंजा उमटला. गॅस मी बंद केला.

रविवारी सकाळी बाबा म्हणाले, "लोणीला जाऊ." त्यांच्यातला शिक्षक आता गप्प बसत नव्हता. गाडी बंद पडली हे सिद्ध झालं. मग ती गार होईपर्यंत तो गाडीत बसून का राहिला नाही, रस्त्यात का गेला? दोनच सीट. त्या चालत्या गाडीत ते पहिल्यांदाच बसत होते, गुडघे छातीशी घेऊन. हडपसर मागे पडलं, उसाचे ट्रॅक्टर लागले. पंचनाम्यातल्या जागी मी गाडी कडेला घेतली. समोर, रस्त्याच्या पलीकडे, एका पत्र्याच्या टपरीवर फोन बूथची पिवळी पाटी होती.

टपरीवाला आमच्याकडे नाही, गाडीकडे बघत होता. "ही गाडी हितं थांबली व्हती," तो म्हणाला. "त्या पोराचे कोण तुम्ही?"

"वडील," बाबा म्हणाले.

त्याने स्टूल पुसून पुढे केलं. "लई वाईट झालं, गुरुजी." ते गुरुजी आहेत हे त्याने कशावरून ओळखलं, देव जाणे. "आला व्हता माझ्याकडं. गाडी तापलीय म्हनला, गार झाली की सुरू व्हती. घरी फोन लावायचा व्हता, उशीर हुईल म्हनून सांगायला. आई जेवायची थांबती म्हनला."

"मग लावला फोन?"

"तीन बार लावला की. तिन्ही बार एंगेज. हसला. म्हनला, बहीण बसली आसंल मैत्रिणीसंगं, ती काय तासभर सोडत नाय. गाडीत बसतो जरा, मंग परत येतो म्हनला, आन निघाला." त्याने रस्त्याकडे हात केला आणि तो तसाच खाली घेतला. "पोलिसांनी मला कुनी इचारलंच नाय."

मी बाबांकडे बघू शकले नाही. त्या संध्याकाळी मी नंदाशी बोलत होते. एका मैत्रिणीच्या लग्नाला कोणती साडी नेसायची, याबद्दल. मोरपिशी की जांभळी. तास झाला असेल, जास्तही. आई दोनदा स्वयंपाकघरातून ओरडली होती, "वृंदा, पुरे आता, कोणाचा फोन यायचा असेल."

बाबांनी टपरीवाल्याला हात जोडले. परतीच्या वाटेवर मला वाटलं, आता बोलतील, हडपसरला बोलतील, स्वारगेटला बोलतील. त्यांचं ते खाली उतरलेल्या आवाजातलं एखादं वाक्य येईल आणि मी ते जन्मभर वागवेन. माझी तयारी होती. माझे हात इतके घामेजले होते की स्टिअरिंग निसटत होतं. एकदा त्यांनी फक्त हात लांब करून माझ्या बाजूची काच खाली केली, वारा यावा म्हणून.

आई दारातच उभी होती. तिघांची पानं मांडलेली होती. "काय कळलं?" तिने विचारलं.

"घरी फोन करायला उतरला होता तो," बाबा म्हणाले. "उशीर होईल म्हणून सांगायला. तू जेवायची थांबशील म्हणून."

आई भिंतीला टेकली. डोळे मिटले. तशातच तिने विचारलं, "मग आला का नाही फोन?"

मी तोंड उघडलं. बाबा माझ्याआधी बोलले. प्रयोगाच्या वहीत एक आकडा चुकीचा लिहिला तर पोराला आठवडाभर उभं करणारे माझे बाबा.

"आपला फोन बंद होता त्या दिवशी. आठवत नाही का तुला? दुपारपासून डेड होता."

आईने डोळे उघडले. आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ. "हो," ती म्हणाली. "बंदच होता. मी तक्रारसुद्धा केली होती."

ते दोघंही आता नाहीत. नंतर वीस वर्षं आम्ही एकमेकांच्या जवळ राहिलो, माझं लग्न झालं, मुलं झाली, आजारपणं काढली. त्या दोघांनी हा विषय माझ्याजवळ कधी काढला नाही, आणि मीही कधी म्हटलं नाही की फोन बंद नव्हता. दादा गेला त्या रविवारी रात्री आठ वाजता लोणीच्या चौकीतून जो फोन आला, तो त्याच फोनवर आला होता. मी नंदाचा फोन ठेवला आणि पाच मिनिटांत घंटा वाजली. बाबांनी उचलला होता.

"हातपाय धुऊन ये," लोणीहून आल्यावर आई मला म्हणाली. बाबा पाटावर बसले. सात महिन्यांनी ते आमच्याबरोबर जेवायला बसत होते. आईने पहिली आमटी माझ्या पानात वाढली, आणि बाबांनी भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं.